कानबाईची पुढची सीट

आमच्या गाडीला बोलायची सवय होती. ती सवय माझ्या नवऱ्यानं मोडली.

दार नीट लागलं नाही की गाडी कुरकुरायची. पट्टा न लावता कुणी पुढं बसलं तर टीट टीट करून कान किटवायची, आणि पट्टा लावेपर्यंत थांबायची नाही. मला तिचा तो स्वभाव फार आवडायचा, कारण आमच्या घरात माझ्याशिवाय वाल्मिकला टोकणारं दुसरं कुणी नाही. वाल्मिकला मात्र तिचं बोलणं सहन होईना. एक टोकणारी घरात आहेच, दुसरी कशाला, असं तो शेजारच्या प्रमिलाबाईंसमोर म्हणाला आणि दोघं खो खो हसले. हसा म्हटलं.

वाल्मिक कडोदऱ्याला एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मास्टर आहे. मास्टर म्हणजे बिघडलेली मशिनं चालू करणारा. तिथं प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पिन लटकत असते. धागा तुटला की पिन खाली पडते आणि मशीन आपोआप उभं राहतं. मशीन उभं राहिलं की कापड थांबतं, कापड थांबलं की शेठ खात्यात येऊन ओरडतो. मग मास्टर लोक ती थांबवायची व्यवस्थाच बांधून टाकतात. धागा तुटो, अख्खा ताणा तुटो, मशीन आपलं खडखडत राहतं. खराब कापड निघतं, पण निघत राहतं. हे वाल्मिकनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. तेव्हा मीही कौतुकानं ऐकलं होतं, नवी नवरी होते.

गाडीचंही त्यानं तेच केलं. बाजारात एक नुसतं टोक मिळतं. पट्टा नाही, फक्त त्याचं लोखंडी टोक आणि धरायला वर प्लास्टिकचं डोकं. ते बक्कलात खुपसलं की गाडीला वाटतं, माणूस बांधलेला आहे. वाल्मिकनं दोन्ही पुढच्या बक्कलांत ती टोकं घातली, गाडी गप्प झाली आणि तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बघ, कशी शांत झाली. शिक काहीतरी."

मला त्या शांततेचा पहिल्या दिवसापासून राग होता. आणि खरं सांगायचं तर भीती होती.

भीतीचं कारण साधं होतं. एकदा मी गिरणीतून दळण घेऊन रिक्षानं कोसाडला, सुरतेतल्या आमच्या घरी, परत येत होते. पिठाचा डबा मांडीवर, दोन्ही हातांची मिठी. अमरोलीच्या पुलाखाली रिक्षावाल्यासमोर कुत्रं आलं आणि त्यानं ब्रेक मारला. रिक्षा काही विमान नव्हती, रमतगमत चालली होती. तरी डबा माझ्या मिठीतून असा गेला की जणू मी धरलाच नव्हता. रिक्षावाल्याच्या पाठीवर आदळून फुटला. दोघंही पांढरे झालो, तो शिव्या देत होता आणि मी माझ्या हातांकडं बघत होते. पुढं काही दिवसांनी आमच्या वसाहतीत ट्रॅफिकचे एक साहेब येऊन भाषण करून गेले. लोक सरबत पिऊन निघून गेले, मी शेवटपर्यंत बसले. ते म्हणाले, "बाळकने आगळ खोळामां नहीं बेसाडवानुं." पोराला पुढं मांडीवर बसवायचं नाही, तुम्हाला वाटतं तुम्ही धरून ठेवाल, पण कुणाच्या बापाच्यानं धरवत नाही. बाकीच्यांना ते सरकारी बोलणं वाटलं. मला पिठाचा डबा आठवला.

आता कानबाईचं सांगते. खानदेशातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी. श्रावणात नागपंचमी झाली की पहिल्या रविवारी कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ. साधा नारळ नाही, घराण्याचा, पिढ्यानपिढ्या सांभाळलेला. त्याला डोळे, नथ, ओढणी, सगळा साज. आमच्या घराण्याचा नारळ माझ्या सासूच्या देव्हाऱ्यात असतो, आणि माझी सासू आमच्याजवळ सुरतेत असते. सासूचं नाव सरलाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. पण भाऊबंद सगळे साक्रीकडच्या गावी जमतात, थोरले दीर सुकलाल यांच्या घरी. म्हणून दरवर्षी आदल्या दिवशी देवी सुरतेहून गावी निघते. पूर्वी एसटीनं जायची, आता आमच्या गाडीनं.

तिच्या प्रवासाचे नियम आत्यांनी घालून दिलेत. देवी गाणी म्हणून उचलायची. एकदा उचलली की गावात चौरंगावर बसेपर्यंत खाली ठेवायची नाही, कुणाच्या तरी मांडीवरच असायची. देवीनं कुणाच्या पाठीमागं बसायचं नाही, म्हणजे पुढची सीट तिची. आणि ती कुवारी पोरीच्या मांडीवर असेल तर सगळ्यात उत्तम.

आमच्या घरात कुवारी पोर एकच. माझी पल्लवी. तेव्हा सात वर्षांची होती.

गाडी घेतल्यानंतरचं ते पहिलं वर्ष. आत्या पुढं बसणार, पल्लवी त्यांच्या मांडीवर आणि देवी पल्लवीच्या मांडीवर, असं ठरलं. मी म्हटलं, निदान पट्टा तरी लावा, दोघींवरून येईल तसा. आत्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या जणू मी देव्हाऱ्यात चपला घालून शिरले.

"कानबाईले कोन्ही पट्टा बांधस का? ती काय चोर शे?"

वाल्मिक म्हणाला, "टेन्शन मत ले. मी चालवतोय ना."

हे त्याचं आवडतं वाक्य. जगात अपघात होतात ते दुसरे लोक चालवतात म्हणून, असा त्याचा पक्का समज. पल्लवी नवा परकर-पोलका घालून नाचत होती. तिला देवीला धरायचं होतं. माझ्या बाजूनं तिथं कुणीच नव्हतं, मी निमूट मागं बसले.

मागच्या सीटवर बसून मी माझ्यापुरता पट्टा शोधला. आत्यांनी सुंदर साडीच्या कापडाची कव्हरं चढवली होती, त्यांच्याखाली बक्कल दडपलं गेलं होतं. मी शिवण उसवून ते बाहेर काढलं. शेजारचंही काढून ठेवलं. का काढलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण हात ते करत होते.

कामरेज मागं पडलं, कडोदऱ्याला वळलो. आभाळ खाली आलं होतं आणि रस्ता ओला होता. वाल्मिक ट्रकांच्या मधून गाडी घालत होता, एका हातानं. दर ब्रेकला पल्लवीचं कपाळ पुढच्या काळ्या फळीच्या दिशेनं जायचं आणि परत यायचं. त्या फळीच्या आत फुगा असतो, धक्का बसला की फुटून बाहेर येतो, हेही मला साहेबांनी सांगितलं होतं. मोठं माणूस पट्टा लावून ताठ बसलं तर तो फुगा वाचवतो. जवळ असलेल्याला तो ठोसा मारतो. मी पाठीमागून पल्लवीच्या दोन वेण्यांकडं बघत होते. पुढं, मागं. पुढं, मागं. बारडोली येईपर्यंत मी दोनदा "हळू" म्हटलं. वाल्मिकनं गाण्याचा आवाज वाढवला.

व्याऱ्याला चहासाठी थांबलो. आत्या देवीला घेऊन गाडीतच बसल्या, पल्लवीला मी लघवीला घेऊन गेले. तिथं, त्या घाणेरड्या मोरीपाशी, मला ते सुचलं. मी पल्लवीला घट्ट पोटाशी धरलं. मग गाडीच्या खिडकीशी येऊन तोंड पाडून म्हटलं, "आत्या, माले अडचन उनी."

आत्यांचा चेहरा उतरला. बाईची अडचण चालू असली की तिनं देवीच्या सावलीलाही उभं राहायचं नाही, आणि तिनं ज्याला शिवलं त्यानंही आंघोळीशिवाय देवीला हात लावायचा नाही.

"आते? आठे?" त्या म्हणाल्या. आत्ता, इथं, म्हणून. मग एकदम, "पोरले हात लाया का तू?"

"लागी गया," मी म्हटलं.

मला काहीही आलेलं नव्हतं. देवीसमोर मी धडधडीत खोटं बोलले आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. रस्त्यात सोडून तर जाता येत नव्हतं. शेवटी मी आणि पल्लवी मागच्या सीटवर, देवीकडं तोंड न करता, असा तोडगा निघाला. पल्लवी रडली. मी तिला खिडकीशी बसवून पट्टा लावला आणि तिचं रडणं आनंदानं ऐकलं. पुढं आत्या एकट्या, मांडीवर देवी, दोन्ही हातांची मिठी.

त्यांच्यासाठी मला काही सुचलं नाही. माझ्याकडं एकच खोटं होतं आणि ते पोरीला पुरलं.

सोनगढच्या अलीकडं पुढचा कंटेनर अचानक थांबला. वाल्मिकनं ब्रेक दाबला, चाकं ओल्या रस्त्यावरून घसरत गेली आणि गाडी कंटेनरच्या बुडाला जाऊन लागली. फार जोरात नाही. लोक नंतर म्हणाले, एवढ्याशा धक्क्यानं काय होतं. पट्ट्यानं माझी छाती करकचली, पल्लवी "मम्मी" म्हणून ओरडली, आणि पुढं फाडकन आवाज झाला. पांढरा धूर. जळक्या रबराचा वास.

वाल्मिकचं नाक फुटलं होतं. पल्लवीच्या गळ्याजवळ पट्ट्याचा लाल वळ, बाकी काही नाही. आत्या सीटवर होत्या. डोळे उघडे, तोंड उघडं, पण श्वास आत जात नव्हता. फुग्यानं देवीला मागं ढकललं होतं आणि देवी आत्यांच्या छातीत शिरल्यासारखी बसली होती. हात अजून तिच्याभोवतीच होते. मी त्यांच्या बोटांची मिठी एकेक करून सोडवली तेव्हा त्या पहिल्यांदा कण्हल्या. देवी वाल्मिकनं आपल्या मांडीवर घेतली.

दवाखान्यात डॉक्टरनं फोटो काढून बघितले. बरगड्या मोडल्या होत्या, एक आत वळली होती. त्यानं विचारलं, "खोळामां शुं हतुं?" मांडीवर काय होतं, म्हणून. मी सांगितलं, नारळ. त्याला वाटलं मी चेष्टा करते. मग त्यानं पल्लवीकडं बघितलं, तिच्या गळ्याजवळचा वळ बघितला, आणि मला म्हणाला की हिला मागं बांधून बसवली ते बरं केलं. त्याच्यापुढं मी रडले, दुसऱ्या कुणापुढं रडले नाही.

नारळाला ओरखडासुद्धा नव्हता. नथ जागच्या जागी होती. गावी बातमी पोचली ती अशी, की कानबाईनं आपल्या माणसांना वाचवलं आणि स्वतःही सुखरूप राहिली. आणि अपघात झाला कशामुळं? तर योगिताला, म्हणजे मला, अडचण आली असताना ती देवीच्या गाडीत बसली. सुकलाल भाऊजींनी हे फोनवर सांगितलं, वाल्मिकनं मान डोलवली, प्रमिलाबाई माझ्याकडून साखर नेताना हळूच म्हणाल्या, जपायचं गं बाई. पट्ट्याचं नाव कुणी काढलं नाही. बक्कलातल्या टोकाचं तर नाहीच.

मी गप्प बसले. लाजेनं नाही. मी विचार केला, हे खोटं एवढं चांगलं चाललंय, तर ते कशाला वाया घालवा? पुढच्या श्रावणात परत लागेल.

वर्षभर मी नवऱ्याशी भांडले. गाडी गॅरेजमधून चकचकीत होऊन आली. मी विचारलं, फुगा नवा बसवला का? वाल्मिक म्हणाला, झाकण चिकटवलंय, बाहेरून कळतं का काही? मी म्हटलं, बाहेरून नाही कळत, आतून कळेल. तो रागावून जेवणावरून उठला. गाडी अजूनही काही बोलत नव्हती, तेव्हा बक्कलातलं टोक तिथंच आहे हे मला माहीत होतं. आत्या मात्र बदलल्या होत्या. जिना चढताना मध्येच थांबायच्या, छातीवर हात ठेवून. माझ्यावर चिडायच्या नाहीत. मला तेच जास्त लागायचं. रात्री कूस बदलताना त्या कण्हल्या की मला वाटायचं, उठून जावं आणि सांगून टाकावं. मग पल्लवीच्या वेण्या आठवायच्या आणि मी पडून राहायचे. आत्यांनी मला लग्नानंतर कधी उपाशी झोपू दिलं नाही, बाळंतपणात माझे पाय चेपले. त्यांच्या कर्मठपणाचा मला जितका राग येतो तितकीच ती बाई मला हवी आहे.

श्रावण आला. या वर्षीची व्यवस्था मला न विचारता ठरली. योगिता देवीच्या गाडीत नको, ती मागून बसनं येईल. आत्यांना आता छातीवर काही धरवत नाही, त्या मागं बसतील. पुढच्या सीटवर पल्लवी. एकटी. मांडीवर देवी.

"आता मोठी झाली ती," वाल्मिक म्हणाला.

शनिवारी सकाळी प्रमिलाबाईंनी कानबाईची गाणी धरली, बायका जमल्या, आत्यांनी देव्हाऱ्यातून देवी उचलली. आमच्या इमारतीखाली गाडी झेंडूची माळ घालून उभी होती. पल्लवी न्हाऊन, भरजरी परकर घालून पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि हात पसरले. आत्या तिच्याकडं देवी द्यायला वाकल्या. तेवढ्यात मी पुढं झाले. दारात घुसून पोरीला उचललं आणि छातीशी धरलं.

"आत्या, माले अडचन उनी," मी मोठ्यानं म्हटलं. "मना हात लागी गया पल्लवीले."

गाणं थांबलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. वाल्मिक ओरडला, "आत्ताच? तुला आत्ताच यायची होती?" पल्लवी माझ्या खांद्यावर डोकं घुसळून रडत होती, तिचं वजन आता पेलत नव्हतं, तरी मी सोडलं नाही. तिला सोडलं असतं तर मला परत तिला धरायला मिळालं नसतं असं मला वाटत होतं.

आत्या देवी घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग एक पाऊल जवळ आल्या, अडचणीच्या बाईजवळ कुणी येत नाही इतक्या जवळ, आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मांगला साले बी खोटंच व्हतं ना?"

देवी आमच्या दोघींच्या मध्ये होती. तिचे काळे डोळे माझ्याकडं.

"हा," मी म्हटलं. "खोटंच व्हतं."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा एक हात आपसूक छातीवर गेला, मोडून वाकड्या जुळलेल्या बरगडीवर, आणि तिथंच राहिला. मी बघत होते. त्या वर्षभर जे धरून बसल्या होत्या ते त्यांच्या हातातून सुटत होतं. मी विटाळशी नव्हते. म्हणजे विटाळानं बरगडी मोडली नव्हती.

त्या वळल्या. वाल्मिकला म्हणाल्या, मीच बसते पुढं. बसल्या, देवीला एका हातानं छातीपासून लांब धरलं, आणि दुसऱ्या हातानं खांद्यामागं चाचपायला लागल्या. पट्टा सापडला. कव्हराखालून ओढून त्यांनी तो स्वतःवरून घेतला. बायका बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, एवढं सुख मला त्या क्षणी झालं.

मग पट्ट्याचं टोक बक्कलाशी नेऊन त्या दाबायला लागल्या. ते जाईना.

वाल्मिक वाकला. "थांब आई, त्यात ते टोक आहे." त्यानं बोटानं काढायला बघितलं. मागच्या वर्षीच्या धक्क्यात टोकाचं प्लास्टिकचं डोकं तुटून गेलं होतं, लोखंड आतच अडकून बसलं होतं. लाल बटण खाली जाईना. त्यानं किल्लीनं उकरलं, स्क्रू ड्रायव्हर घातला. मशिनांचा मास्टर तो, कपाळावर घाम आला त्याच्या, पण लोखंड हलेना.

"कामरेजला काढून घेतो कुणाकडून," तो म्हणाला. "आता उशीर होतोय."

मी पल्लवीला खाली सोडलं आणि गाडीच्या काचेवर हात आपटले. "उतरा आत्या. खाले उतरा. बसनं जाऊ. उद्या जाऊ."

आत्यांनी काच खाली केली. त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांना सगळं कळलं होतं, तेच फार वाईट झालं.

"देवी उचली लिधी, योगिता," त्या म्हणाल्या. "आते खाले ठेवता येत नै."

त्यांनी पट्ट्याचं टोक मुठीत घट्ट धरलं, देवीच्या शेजारी, जणू हातानं धरलं तरी चालेल. बायकांनी गाणं परत सुरू केलं. वाल्मिकनं चावी फिरवली. मी कान देऊन उभी राहिले, पल्लवीचा हात माझ्या हातात, आणि वाट बघत होते की आता तरी ती टीट टीट करेल, एकदा तरी ओरडेल. गाडी काही बोलली नाही. वळणावरून निघून गेली.